बावन्न दरवाजांच्या शहरातलं गेट

छत्रपती संभाजीनगरात पत्ता सांगताना चौक, मंदिर, मशीद यांच्याआधी गेट येतं. कपड्यांचं दुकान पैठण गेटला, मावशीचं घर कटकट गेटच्या आतल्या अंगाला, मोर्चा निघणार भडकल गेटहून, आणि घाई असेल तर दिल्ली गेटकडून या, तिकडे गर्दी कमी. जुन्या शहरातल्या माणसाच्या तोंडी हा शब्द इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. घरी दखनी बोलणारी आजी आणि घरी मराठी बोलणारी आजी, दोघीही ‘पैठण गेट’च म्हणतात.

इंग्रजीतले अगदी रोजचे, छोटे शब्द किती अर्थ पोटात बाळगून असतात हे शब्दकोश उघडल्यावरच कळतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची. ‘गेट’ची नोंद त्या मानानं आटोपशीर. पण या शहरात आणि पैठण-वाळूजपर्यंतच्या टापूत त्याचे जेवढे अर्थ रोज कामाला येतात, तेवढे एका जागी क्वचितच सापडतील असं मला वाटतं. शाळेतल्या शब्दार्थात ‘गेट म्हणजे फाटक’ एवढंच लिहून मुलं पुढे जातात. त्या एका ओळीपलीकडे बरंच काही आहे.

आधी दगडी गेटं. १६१० च्या सुमारास मलिक अंबरनं खडकी या गावी निजामशाहीची राजधानी वसवली. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्यानं १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला असं सांगतात. शहरातल्या दरवाजांमध्ये हा सर्वांत भव्य. पुढे अंबरच्या मुलाच्या, फत्तेखानाच्या काळात गावाला फतेहनगर म्हणू लागले, आणि १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर औरंगाबाद. मराठ्यांच्या धाडींपासून बचाव व्हावा म्हणून १६८२ च्या सुमारास शहराभोवती तट घालण्यात आला. त्या तटाला चार दिशांना चार मोठे दरवाजे होते: उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, ज्याला लोक मकाई म्हणतात. शिवाय रोशन, कटकट, काला, खिजरी, खास, जाफर, बारापुल्ला, महमूद असे लहान दरवाजे. तटाचे, किल्ले-अर्कचे आणि आतल्या वस्त्यांचे मिळून ‘बावन्न दरवाजांचं शहर’ ही ख्याती झाली.

या नावांत एक जुनी रीत दिसते. दरवाजा ज्या दिशेला तोंड करून उभा, त्या दिशेच्या मोठ्या मुक्कामाचं नाव त्याला. म्हणून पुण्यात शनिवारवाड्याच्या उत्तर दरवाजालाही दिल्ली दरवाजाच म्हणतात, अहिल्यानगरातही दिल्ली गेट आहे, आणि खुद्द दिल्लीत लाहोरी आणि काश्मिरी. दरवाजावर आतून पाहणाऱ्याची नजर असते. पैठण गेट पैठणमध्ये नाही. पैठणला जायला इथून निघा, एवढंच त्या नावाचं म्हणणं.

या दरवाजांची कवाडं आता कुठं आहेत? तट बहुतेक ठिकाणी पडला किंवा घरांच्या भिंतींत मिसळला. जालना गेट उरलं नाही, खुनी दरवाजा उरला नाही. पैठण गेट, रोशन गेट यांच्या अंगावरून रस्ते गेले आणि कमानी रस्त्याच्या मधोमध बेटासारख्या राहिल्या. खाम नदीवरच्या मकाई गेटमधून आणि पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजातून मात्र अजून वाहनं जातात, आणि एका वेळी एकच मोठं वाहन मावेल अशा त्या कमानीत रोज सकाळ-संध्याकाळ कोंडी होते. घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांच्या मापानं बांधलेल्या कमानीतून शाळेच्या बस काढायच्या म्हणजे दुसरं काय होणार! स्मार्ट सिटीच्या कामात काही दरवाजांची डागडुजी झाली, ती चांगली झाली. पण कमानीला मोकळा श्वास हवा असेल तर वाहतूक बाजूनं काढण्याला पर्याय नाही, हे माझं ठाम मत आहे.

कवाडं गेली आणि ‘गेट’ या शब्दाचा अर्थच हलला. ‘मी पैठण गेटला आहे’ असं कुणी म्हणतं तेव्हा तो कमानीखाली उभा नसतो. तो कमानीच्या आसपासच्या बाजारात कुठंतरी असतो. इथं गेट म्हणजे वस्ती, बाजार, रिक्षाचा थांबा. ज्या दरवाजांच्या नावानं वस्ती किंवा रस्ता ओळखला जाऊ लागला, त्यांचं बहुधा ‘गेट’ झालं: दिल्ली गेट, रोशन गेट, कटकट गेट, भडकल गेट. जे वास्तू म्हणूनच उरले, ते मात्र ‘दरवाजा’च राहिले: रंगीन दरवाजा, नौबत दरवाजा, काला दरवाजा. नियम म्हणावा इतका हा फरक पक्का नाही, पण कान देऊन ऐकलं तर जाणवतो.

याच्या जवळची एक गंमत इंग्लंडच्या उत्तरेला आहे. यॉर्क शहरात स्टोनगेट, मिकलगेट अशी नावं पावलोपावली भेटतात, पण तिथं गेट म्हणजे दरवाजा नव्हे. नवव्या शतकात तिथं आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता, आणि हे ‘गेट’ त्या ‘गाता’पासून आलेलं. स्वीडिशमध्ये आजही रस्त्याला तोच शब्द आहे. दरवाजा या अर्थाचं गेट जुन्या इंग्रजीतून वेगळ्या वाटेनं आलं, आणि दोन्ही शब्द उच्चारानं एक होऊन बसले. यॉर्कच्या तटाच्या खऱ्या दरवाजांना तिथं ‘बार’ म्हणतात, त्यामुळे मिकलगेट हा रस्ता आणि मिकलगेट बार हा त्या रस्त्यावरचा दरवाजा. तिथं रस्त्याचं नाव गेट. आपल्याकडे गेटच्या नावात रस्ता, बाजार आणि मोहल्ला सगळंच सामावलं.

मराठीनं हा शब्द घेतला तो आपल्या व्याकरणात बसवून. दरवाजा पुल्लिंगी, वेस स्त्रीलिंगी, फाटक नपुंसकलिंगी. गेट बसलं ते फाटकाच्या जागेवर, म्हणून ‘ते गेट’, ‘गेट उघडलं’. हिंदी-दखनीत तोच शब्द पुल्लिंगी, ‘गेट खुल गया’. एकाच गेटवर उभे असलेले दोन पहारेकरी त्याला दोन लिंगांत बोलवतात आणि कुणाला काही खटकत नाही. विभक्ती लावताना मात्र मराठी थोडी अलिप्त राहिली. वेशीला, दरवाजाला असं सामान्यरूप आपण सहज करतो. गेटचं मात्र ‘पैठण गेटला’, अंगाला हात न लावता. खेड्यातली जुनी माणसं ‘गेटापाशी थांब’ म्हणतात तेव्हा त्यांनी शब्द खऱ्या अर्थानं घरात घेतलेला असतो.

आणखी एक गुंता लिपीचा. मराठी देवनागरीत ऱ्हस्व ए-साठी वेगळी खूण नाही. त्यामुळे ‘गेट-टुगेदर’ आणि ‘गेटअप’ यांतलं गेट आणि दरवाजाचं गेट कागदावर तंतोतंत सारखं दिसतं. इंग्रजीत हे दोन निराळे शब्द, उच्चारही निराळे. ‘मिळणे, होणे’ या अर्थाचं ते गेट तर इंग्रजीतल्या सर्वांत अनेकार्थी शब्दांपैकी एक. आपल्याकडे ते एकटं कधी येत नाही. जुन्या वर्गमित्रांच्या मेळाव्यात, नाटकातल्या पात्राच्या वेशभूषेत, असं कुणाचा तरी हात धरूनच येतं.

कवाडाच्या गेटकडे परत येऊ, कारण त्याला मराठीत एक जुनी बहीण आहे: वेस. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आजही वेस उभी आहे, आणि गावाची अब्रू जायची असेल तर ती वेशीवरच टांगली जाते. लक्तरं वेशीवर टांगायची, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला ती पडतात. इंग्रजीत लफड्यांच्या नावामागे ‘गेट’ लागतं ते मात्र निव्वळ योगायोगानं. वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीकाठी वॉटरगेट नावाचं हॉटेल, कार्यालयं आणि घरं यांचं संकुल आहे. १७ जून १९७२ रोजी तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसं पकडली गेली, प्रकरण वर वर चढत गेलं आणि ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं. त्यानंतर वार्ताहरांनी कुठल्याही घोटाळ्याच्या नावाला ‘गेट’ हे शेपूट जोडायला सुरुवात केली. २०१२ मध्ये कोळसा खाणींच्या वाटपाचं प्रकरण गाजलं तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला ‘कोलगेट’ म्हटलं. मराठीत ते चाललं नाही. आपल्याकडे कोलगेट म्हणजे दात घासायची पेस्ट, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. शिवाय घोटाळा हा आपला शब्द इतका नेमका आहे की त्याला शेपटाची गरज पडली नाही.

दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, एकदा नीट पाहण्यासाठी जावं. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकलेली कवाडं तिथं आहेत. असे मोठे दरवाजे रोज उघडणं परवडत नसे. म्हणून किल्ल्यांच्या कवाडातच एक लहानसं दार ठेवत, माणूस वाकूनच आत शिरेल असं. त्याला मराठीत दिंडी दरवाजा किंवा नुसतं दिंडी म्हणतात. इंग्रजीत त्याचं नाव ‘विकेट’. हा शब्द फ्रेंचकडून इंग्रजीत आला आणि त्याचा अर्थ लहान दार असाच होता. सुरुवातीच्या क्रिकेटमध्ये दोनच यष्ट्या आणि त्यांच्यावर आडवी एक काडी असे. ते दिसायचं चिमुकल्या गेटासारखं, म्हणून विकेट. तिसरी यष्टी आली ती १७७० च्या दशकात. आमखास मैदानावर ‘विकेट पडली’ म्हणून ओरडणारी पोरं खरं तर दिंडी पडली असं सांगत असतात. आणि फलंदाजाची बॅट व पॅड यांच्यात फट राहिली तर त्या फटीलाही क्रिकेटच्या बोलीत गेटच म्हणतात. ऑफस्पिन त्या गेटातून आत शिरला की यष्ट्यांचं दार मोडलंच.

आतापर्यंतची गेटं बहुतेक नावापुरती. आता ज्यांना अजून कवाड आहे, जी रोज उघडतात आणि मिटतात, त्यांच्याकडे वळायला हवं. तिथं या शब्दाचा दुसरा स्वभाव दिसतो. कवाड नसलेलं गेट ठिकाण सांगतं. कवाड असलेलं गेट कुणाला, कशाला आणि केव्हा सोडायचं हे ठरवतं.

हैदराबादच्या निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे या शहराच्या दक्षिणेकडून टाकली गेली. तेव्हा तिथं वस्ती विरळ होती. पुढे शहर रुळांपलीकडे पसरलं आणि शिवाजीनगरचं गेट नंबर ५५ हे हजारो लोकांच्या दिवसाचा भाग झालं. इथली भाषा वेगळी: गेट लागलं, गेट पडलं, गेट उघडलं. गेट ‘लागणं’ म्हणजे गाडी यायच्या आत आपण पोहोचलो नाही. बाहेरून वाटतं की गाडी येताना दिसली म्हणून गेटमन दांडा खाली घेतो. सिग्नलशी जोडलेल्या गेटवर प्रत्यक्षात उलटं असतं. आधी दांडा खाली येतो, कुलूप बसतं, आणि मगच गाडीसाठीचा सिग्नल मोकळा करता येतो. सिग्नल दिला की तो पुन्हा धोक्यावर येईपर्यंत किंवा गाडी निघून जाईपर्यंत दांडा उचलताच येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला थांबणं जाचक वाटतं, पण गेट उघडं आणि सिग्नल हिरवा ही जोडी जमूच नये अशी ती रचना आहे. रुळांच्या कडेला, गेटच्या बरंच अलीकडे, एक पिवळी पाटी असते: ‘सी/फा’. सीटी आणि फाटक. गाडीच्या चालकानं तिथून शिटी वाजवायची असा तिचा अर्थ. रेल्वेच्या कागदावर अजून फाटक जिवंत आहे, लोकांच्या तोंडी गेट.

पैठण गेटवरून निघून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला गेलं की दुसरीच गेटं भेटतात. ‘पैठण गेट’ म्हणजे शहरातला बाजार, आणि ‘पैठणचे गेट’ म्हणजे जायकवाडी धरणाचे दरवाजे. ‘चे’ एवढ्या एका प्रत्ययाचा फरक. पावसाळ्यात बातमी येते, ‘पैठणचे गेट उघडले’, आणि गोदाकाठच्या गावांची झोप उडते.

जायकवाडीचं भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं आणि लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, त्यामागे नाथसागर, साठवण साधारण १०२ टीएमसी. इतक्या लांब बांधात पुराचं पाणी सोडण्याची जागा एकच, सांडव्याची, आणि तिथं २७ गेटं. १० ते २७ नंबरची अठरा गेटं नेहमीची, १ ते ९ आपत्कालीन. बातमीत ‘सर्व २७ दरवाजे उघडले’ असं आलं की जुनेजाणते २००६ सालच्या ऑगस्टची आठवण काढतात, पैठण शहरात पाणी शिरलं होतं तो पूर.

हे गेट सपाट फळीसारखं नसतं. त्याचा पाण्याकडचा पत्रा गोलाईत वळवलेला असतो, म्हणून कोयनेच्या बातम्यांत ‘वक्री दरवाजे’ हा नेमका शब्द येतो. या गोलाईत सगळी खुबी आहे. पाण्याचा दाब कुठल्याही पृष्ठभागावर काटकोनात पडतो. पत्रा वर्तुळाच्या कंसासारखा वळवला तर प्रत्येक ठिकाणचा दाब त्या वर्तुळाच्या केंद्राकडे जातो, आणि नेमक्या त्या केंद्राच्या रेषेवर जाड पोलादी खिळी बसवलेल्या असतात. मागचा सगळा जलाशय जेवढं रेटतो तेवढं त्या खिळींतून काँक्रीटच्या खांबांत उतरतं. वर उचलणाऱ्या यंत्राला लढावं लागतं ते फक्त गेटच्या स्वतःच्या वजनाशी आणि कडेच्या रबराच्या घर्षणाशी. म्हणून नाथसागर काठोकाठ भरलेला असतानाही एक मोटर गेट उचलू शकते. सपाट फळी असती तर पाण्याच्या रेट्यानं ती खाचेत घट्ट दाबली गेली असती.

कोल्हापूरकडे राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की ते आपोआप उघडतात. पैठणला तसं नाही. तिथं माणूस ठरवतो, अर्धा फूट, एक फूट, दीड फूट. अर्ध्या-अर्ध्या फुटानं गेट वर जातं, कारण खालच्या गावांना निरोप पोहोचायला वेळ लागतो. आणि ठरवणाऱ्याला वरचीही खबर लागते: नांदूर मधमेश्वरमधून किती क्युसेक निघाले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नाशिकला पाऊस पडला की मराठवाडा त्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. वरच्या धरणांचे दरवाजे उघडावेत की नाही यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. पाण्याचं राजकारण म्हणतात ते शेवटी गेट कोणाच्या हातात, यावर येऊन ठेपतं. दुष्काळी वर्षी इथला शेतकरी ‘गेट’ हा शब्द ज्या तळमळीनं उच्चारतो, ती तळमळ कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाही.

चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींत गेटचं आणखी एक राज्य आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या लहान-मोठ्या कारखान्यांचं जाळं पसरलं. तिथं कामगाराचा दिवस गेटवर सुरू होतो. माल बाहेर न्यायचा तर गेट पास, युनियनला सगळ्यांशी बोलायचं तर गेट मीटिंग. ‘त्याचं गेट बंद झालं’ याचा अर्थ फाटक मिटलं असा नाही. त्या माणसाची नोकरी गेली किंवा त्याला कामावर घेऊ नका असा हुकूम निघाला. हे चार शब्द घरात सांगायला किती जड जातात, ते ज्यांनी सांगितले त्यांनाच ठाऊक.

त्याच कारखान्याच्या आत, डाय कास्टिंगच्या शेडमध्ये, गेट म्हणजे जेमतेम एक-दोन मिलिमीटरची फट. मोटरसायकलच्या इंजिनाचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं ओततात तेव्हा वितळलेला धातू आधी ‘रनर’ नावाच्या पाटातून धावतो आणि मग या फटीतून साच्यात शिरतो. फट मुद्दाम अरुंद. मोठ्या दाबानं रेटलेला धातू तिथून सेकंदाला ३० ते ५० मीटर वेगानं उसळतो आणि गोठायच्या आत साचा भरून टाकतो. गेट चुकीच्या जागी ठेवलं तर आत हवा कोंडते, भागात पोकळ्या राहतात, तपासणीत माल परत येतो. गेटची जागा आणि जाडी ठरवणं ही डाय डिझायनरची खरी परीक्षा. भाग थंड झाला की गेट तोडून किंवा कापून काढायचं. अरुंद असल्यानं ते सहज तुटतं, हाही त्याचा उपयोगच.

ही फट पाहायला वाळूजला जायची गरज नाही. न्हाणीघरातली प्लॅस्टिकची बादली उलटी करा. तळाच्या बरोबर मध्यावर एक खरबरीत, बोटाला टोचणारं टिंब असेल. वितळलेलं प्लॅस्टिक तिथूनच साच्यात शिरलं आणि चहूकडे सारखं पसरत काठापर्यंत गेलं. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशीही असाच बिंदू असतो. घरातल्या निम्म्या वस्तूंवर गेटची ही खूण आहे आणि आपण ती कधी पाहिलेली नसते.

याहून बारीक गेट डोळ्यांना दिसत नाही. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी ब्रेडबोर्डवर चौदा पायांची काळी चिप टोचतात, ७४०८ किंवा ७४३२. पहिल्या चिपमध्ये चार ‘अँड’ गेटं, दुसरीत चार ‘ऑर’ गेटं. लिफ्टचं दार लागलेलं असेल आणि बटण दाबलेलं असेल तरच लिफ्ट हलायची, हे ‘अँड’. पुढच्या दारानं किंवा मागच्या दारानं कुणीही आलं तरी घंटा वाजायची, हे ‘ऑर’. जॉर्ज बूलनं १८५४ मध्ये तर्काचं बीजगणित मांडलं होतं. ते विजेच्या स्विचांना लागू पडतं हे क्लॉड शॅनननं १९३७ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं. आणि आजच्या बहुतेक चिपांत या गेटच्याही आत, एकेका ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एकाचं नावही गेटच. त्याच्यावर व्होल्टेज दिलं की शेजारची वाट मोकळी होते, काढलं की बंद. खुद्द गेटमधून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही, आणि तरी हुकूम त्याचाच. हातातल्या मोबाइलमध्ये अशी गेटं अब्जावधी आहेत.

हे शिकणाऱ्या मुलांना गेट म्हटलं की वेगळीच धास्ती वाटते. ग्रॅज्युएट अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट इन इंजिनिअरिंग, तिची आद्याक्षरं जोडून झालेलं गेट. ही परीक्षा १९८४ पासून आहे, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मिळून ती घेतात, आणि गुण तीन वर्षं चालतात. ‘गेट दिलीस का?’ या प्रश्नातलं गेट स्त्रीलिंगी, कारण परीक्षा स्त्रीलिंगी. तो उंबरा ओलांडायला कन्नड, सिल्लोड, वैजापूरची मुलं शहरात खोल्या घेऊन राहतात.

आपल्या शरीरातही एक गेट मानलं गेलं आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत त्याला एक प्रकारचं गेट लागतं. स्पर्शाचे निरोप जास्त आले की ते गेट काहीसं मिटतं. गुडघा आपटला की आपण तो लगेच चोळतो आणि दुखणं थोडं ओसरतं, त्यामागचं एक कारण हे. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण गेटची कल्पना टिकली.

आता पुन्हा शहरात येऊ. मकाई गेट किंवा महमूद दरवाजा ओलांडून बेगमपुऱ्याकडून पुढे गेलं, किंवा बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरातून गेलं, की विद्यापीठ गेट येतं. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळेंचं नाव आजही घेतलं जातं, तसंच नामांतरासाठी स्वतःला जाळून घेणाऱ्या गौतम वाघमारेंचंही. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला.

तेव्हापासून दरवर्षी १४ जानेवारीला नांदेड, परभणी, बीड, लातूर, जालना इथून माणसं येतात ती या गेटपाशी. नऊवारीतल्या म्हाताऱ्या येतात, निळे झेंडे घेतलेली पोरं येतात, रस्त्याच्या कडेनं पुस्तकांचे आणि कॅलेंडरांचे स्टॉल लागतात, भीमगीतांचे मंच उभे राहतात. गेटचं चित्र बिल्ल्यांवर असतं, भिंतींवर असतं, लग्नपत्रिकेवरही दिसतं. लोक त्याला हात जोडतात, लेकरांना खांद्यावर घेऊन वरची नावाची अक्षरं वाचून दाखवतात. गावी परतल्यावर ‘गेटला जाऊन आलो’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. यातल्या बहुतेकांनी त्या विद्यापीठात कधी प्रवेश घेतलेला नसतो, आणि त्या दिवशीही आतल्या विभागांच्या इमारतींकडे ते जात नाहीत. गेटपर्यंत येतात, अभिवादन करतात, पुस्तकं घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी निघतात.